चार रिकामे पंधरवडे

मलिकाने डिस्कवर तळहात टेकवला तेव्हा आत काहीतरी गरगरत होतं. ती थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढत होती. आणि समोरच्या पडद्यावर स्वच्छ अक्षरांत आलं होतं की अशी कुठली फाईल नाही, अशी कुठली डिरेक्टरी नाही. तिने तोच हुकूम पुन्हा टाइप केला, एकेक अक्षर तपासत, चूक बोटांची असावी अशा आशेने. पुन्हा तेच. हाताला आहे आणि यंत्राला नाही. अंधारात जिना उतरताना संपलेल्या पायरीनंतरही पाय खाली जावा, तसं झालं. मग तिच्या लक्षात आलं की खालची दालमिल चालू आहे. सकाळी नऊला ती सुरू झाली की वरच्या या दोन खोल्यांची फरशी, टेबलं, पेल्यातलं पाणी, भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा, सगळंच बारीक हलत राहायचं. हाताला लागली ती थरथर डिस्कची की तूर भरडणाऱ्या यंत्रांची, हे तिला सांगता येईना. तिने हात काढून घेतला आणि पंजा ओढणीला पुसला.

"हाय का न्हाई, तेवढं सांग बाई," खुर्चीच्या अगदी कडेला बसलेले ग्यानोबा म्हणाले.

"हाय, काका. मला वाटतंय हाय. पण दिसंना."

ग्यानोबांनी मान हलवली. दिसत नसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची त्यांना सवय होती. शिरूर अनंतपाळजवळच्या आपल्या खेड्यात आणि आजूबाजूला मिळून चोवीस विहिरींत ते बारा सालापासून पंधरवड्याला एकदा टेप सोडत आले होते. टेपच्या टोकाला शिशाचं वजन. ते पाण्याला लागलं की खालून टप् असा आवाज येतो, तेवढ्यावर हात थांबवायचा. आकडा डायरीत लिहायचा. मग काठावर पाटी ठेवायची, तिच्यावर खडूने तारीख, बाजूला टेप, आणि फोटो काढायचा. पाण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या या लहानशा संस्थेने त्यांना फोन दिला होता तो त्यासाठीच. सगळे फोटो इथे, दालमिलच्या वर, एका जुन्या लोखंडी डब्यात, म्हणजे साठवणीच्या संगणकात, साठत गेले. आज दुपारी तीनला सुनावणी होती. तालुक्यात बाटलीबंद पाण्याचा एक कारखाना होता, त्याला आणखी तीन खोल बोअर हवे होते. पहिला बोअर पडल्यापासून भोवतालच्या नऊ विहिरी कशा खाली गेल्या याचा तक्ता संस्थेने महिन्यापूर्वीच दिला होता. पण गेल्या तारखेला कारखान्याचे वकील हसून म्हणाले होते, आकडे काय, घरी बसूनही लिहिता येतात. फोटो असतील तर आणा, असं सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाईंनी सांगितलं होतं. आणि तीन दिवसांपूर्वी वीज एकदम जोरात आली आणि डब्यातल्या तीनपैकी दोन डिस्क जळाल्या.

तिसरी वाचली होती. एक डिस्क डबा चालवण्यापुरती होती; फोटो उरलेल्या दोन डिस्कांवर सारखेच लिहिले जात, एकीवर जे ते दुसरीवर, म्हणून एक गेली तरी एक राहणार होती. ही राखीव प्रत नव्हे, दोन्ही एकाच डब्यात आहेत, असं मलिकाने इथल्या लोकांना दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायचं तीच विसरली. लातुरातल्या दवाखान्यांची, शाळांची, पतपेढ्यांची यंत्रं ती एकटी बघायची, आणि ज्यांचं काही बिघडलेलं नाही त्यांच्याकडे जायला तिला वेळ नसे. इतकं होऊनही काम सोपं होतं. पण कार्यालय सांभाळणाऱ्या भीमाशंकर यांनी, तिला त्रास नको म्हणून, वाचलेली डिस्क काढून आपल्या विंडोजच्या संगणकाला लावली. त्याला ती अनोळखी वाटली. ही डिस्क तयार करू का, असं त्याने विचारलं.

"त्यानं इचारलं, मी हाव म्हनलो," भीमाशंकर दाराशी उभे राहून पुन्हा म्हणाले. पन्नाशीचा, भारी अंगाचा माणूस, सकाळपासून एकदाही खाली बसला नव्हता. "आता मला काय म्हाईत."

"तुमचं चुकलं न्हाई," मलिका म्हणाली. ते खरं नव्हतं, पण खोटंही नव्हतं. त्या एका होकाराने डिस्कच्या सुरुवातीची थोडीशी जागा पुसली गेली होती, आणि नेमकी तिथेच ती कुठल्या जोडीतली, जोडी कधी बांधली, मजकूर कुठून सुरू होतो, याची नोंद होती. मजकुराला धक्का लागलेला नसावा. जोडी नव्याने बांधायची, तीच मापं देऊन, आणि आतल्या मजकुराला हात लावू नकोस असं बजावून. यासाठी तिने खिशातल्या पेनड्राइव्हवरून एक छोटी, काटकसरीची लिनक्स, विंडोजऐवजी चालणारी प्रणाली, चालू केली होती. आणि ती लिनक्स म्हणत होती, अशी डिस्कच नाही.

तिने डोळे मिटले. डोळे मिटले की तिला नेहमी नांदेडचं दुकान दिसे, अब्बांचं, मोटर रिवाइंडिंगचं. जिलानी मिस्त्री. फूटभर उंच लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळताना अब्बा ओठ न हलवता मोजायचे, आणि त्या वेळी दुकानात कुणी बोलायचं नाही असा कायदा होता. जळालेल्या वार्निशचा गोड, घशाला लागणारा वास. बाहेर ट्रॅक्टर चालू ठेवून उभी माणसं, ऊस वाळून राहिला, मिस्त्री, आटपा, म्हणणारी. अब्बांची मान वर होत नसे. एकदा तिने विचारलं होतं, नवव्या-दहाव्या वर्षी, अब्बा, लोगां गुस्सा होते ना? त्यांनी आधी वेढा पूर्ण केला, मग तारेला गाठ मारली, मग म्हणाले, "होन दे. गिनती भूली तो मोटर जलती. नुकसान उनकाच." त्या वाक्यापेक्षा तिला त्या आधीची गप्प बसलेली दोन मिनिटं आठवत. त्या दोन मिनिटांत ट्रॅक्टरचा आवाज वाढत गेला होता, आणि तिला वाटलं होतं की आता ते लोक आत येऊन अब्बांना मारतील. कुणी आलं नाही. पण छातीतला तो ठोका कुठेतरी राहूनच गेला. अजूनही कुणी लवकर म्हटलं की तो सुरू होई.

अकरा वाजले होते. तिने डोळे उघडले आणि डिस्कला विचारायचं सोडून देऊन थेट लिनक्सच्या गाभ्याला विचारलं, तुला काय काय लागलेलं माहीत आहे? यादी आली. चार ओळी. दुसऱ्या ओळीवर आठ, सोळा, आणि पुढे नाव, एसडीबी. आकारही बरोबर. म्हणजे खालच्या मिलची थरथर नव्हती ती. गाभ्याला डिस्क ठाऊक होती. फक्त तिच्यापर्यंत जायला बाहेर जी नावाची फाईल असावी लागते, डिव्हाइस नोड म्हणतात ती, तीच बनली नव्हती. मोठ्या लिनक्समध्ये हे नोड बनवायला एक नोकर असतो, डिस्क लावली की तो धावत जाऊन पाटी लावतो. या काटकसरीच्या लिनक्समध्ये तो उठलाच नव्हता. मलिकाला हसू आलं, सकाळपासून पहिल्यांदा. नोकर नसेल तर पाटी आपण लावायची. तिने हाताने लिहिलं, ब्लॉक जातीचा नोड, आठ, सोळा. मग सोबत आणलेल्या नव्या कोऱ्या डिस्कसाठी आठ, बत्तीस. दोन्ही नावं उभी राहिली, जशी काही कधी गेलीच नव्हती.

"काका, सापडली."

"मंग लाव की."

"आधी प्रत काढते. जुनी डिस्क हाय तशी पुरी नव्या डिस्कवर उतरवते. मंग काय करायचं ते नव्या डिस्कवर. जुनीला हात न्हाई लावायचा."

"किती येळ?"

"दोन तास."

भीमाशंकरांनी घड्याळाकडे बघितलं. "दोन तास? आन तीनला सुनावनी. मॅडम, थेट नाही का होनार? धा मिनिटांत झालं असतं."

थेट झालं असतं. दहा मिनिटांत. छातीतला ठोका सुरू झाला. "न्हाई," ती म्हणाली, आणि मग आवाज जरा मोठा झाला असं वाटून पुन्हा हळू म्हणाली, "न्हाई होत." तिने कागदाच्या चिठ्ठ्या फाडून एका डिस्कवर जुनी आणि दुसरीवर नवी असं लिहून चिकटवलं, दोन्हींचे क्रमांक पडद्याशी ताडून बघितले, कुठून कुठे हे ओठांनी म्हटलं, आणि कळ दाबली. आकडे सरकू लागले. ग्यानोबा तिच्याकडे नव्हे, त्या जुन्या डिस्ककडे बघत होते. मग त्यांनी धोतराचा काठ सारखा केला आणि कुणाला ऐकू जावं न जावं अशा आवाजात म्हणाले, "न्हाई निगालं तरी चालंल, बाई. लई ताण घिऊ नगं."

ते तिला विचित्र वाटलं. अकरा वर्षं उन्हातान्हात टेप सोडणारा माणूस असं कसं म्हणतो? पण म्हातारी माणसं दिलासा द्यायला काहीही बोलतात, असं म्हणून तिने ते बाजूला ठेवलं. ते बाजूला राहिलं नाही. आकडे सरकत होते, तीस जीबी, एकतीस, आणि त्यांच्या मागे दुसरी एक खोली उघडत होती, सहा वर्षांपूर्वीची, लातुरातल्याच एका क्लासची. तिथे पाच यंत्रांची व्यवस्था तिच्याकडे होती. तिथेही दोन डिस्कांची जोडी होती, त्यातली एक बदलायची होती, आणि क्लासचे सर मागे उभे राहून सौम्यपणे म्हणत होते की मलिका, जरा लौकर, पोरं वर्गात बसलीत. तिने जोडी बांधली. दिशा उलटी. कोरी डिस्क आधी आली आणि भरलेली मागून. यंत्राने कोरेपणा खरा मानून तो भरलेल्या डिस्कवर निष्ठेने उतरवायला घेतला. तिला कळलं तेव्हा चार मिनिटं झाली होती. चार वर्षांचे चित्रित केलेले तास, एका म्हाताऱ्या गणिताच्या सरांचे, जे त्याच हिवाळ्यात गेले होते. आणि क्लासच्या सरांनी मागून विचारलं, काय झालं, तेव्हा तिच्या तोंडातून सहज, पाणी सांडावं तसं आलं: डिस्क गेली, सर. त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला. तुझा काय दोष, म्हणाले. त्या चहाची चव, जास्त उकळलेली, आल्याची, तिला अजून नको त्या वेळी जिभेवर येई. महिन्याभरात तिने ते काम सोडलं, कारण न सांगता. नंतर वाटे, चूक माफ झाली असती. तिने ती सरांच्या हातात दिलीच नाही, त्यामुळे ती तिच्याकडेच राहिली.

एक वाजता मिल जेवणासाठी थांबली. एकाएकी फरशी निपचित झाली आणि खोलीत फक्त दोन डिस्कांचा आवाज उरला, जुनीचा घोगरा, नवीचा बारीक. भीमाशंकरांनी तीन डबे उघडले. कुणी फारसं जेवलं नाही. सव्वाला प्रत पूर्ण झाली. मलिकाने जुनी डिस्क सोडवली, रुमालात गुंडाळली आणि ग्यानोबांच्या हातात दिली. "तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. आता मी मागितली तरी देऊ नका." त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, गरम भाकरी धरावी तशी.

मग तिने जोडी बांधायचा हुकूम लिहिला. दोन जागांची जोडी. एका जागी नवी डिस्क, दुसऱ्या जागी 'गैरहजर' असा शब्द. यंत्राला तो शब्द चालतो. तिने कळ दाबली, आणि पुन्हा तेच: एमडी शून्य, अशी कुठली फाईल नाही. आता मात्र तिला राग आला नाही. जोडीलाही स्वतःचं नाव लागतं, आणि तेही लावणारं इथे कुणी नव्हतं. ब्लॉक, नऊ, शून्य. नाव उभं राहिलं. हुकूम पुन्हा. जोडी सुरू झाली. तिने आतला मजकूर उघडायला सांगितलं, फक्त वाचण्यापुरता. यंत्र म्हणालं, यात ओळखीचं काही नाही.

पावणेदोन. मागे भीमाशंकरांचं जोरात श्वास घेणं. थेट केलं असतं तर आता जे पडद्यावर आहे तेच, पण दुसरी संधी नाही, एवढाच विचार तिच्या डोक्यात सारखा फिरत होता, आणि तो भीतीचा होता की समाधानाचा हे तिला कळेना. ती उठून जळालेल्या डब्यापाशी गेली आणि त्याचं झाकण उलटं करून बघितलं. आतून एक पिवळी चिठ्ठी होती, हे यंत्र बांधून देणाऱ्या कुणा जुन्या माणसाच्या हातची. ऑगस्ट २०१२. तिने ते दोनदा वाचलं. बारा साल. तेव्हाचं जोडी बांधायचं साधन मजकुराआधी जेमतेम एक एमबी जागा सोडायचं. हल्लीचं कितीतरी जास्त सोडतं. ती दार योग्य भिंतीत काढत होती, पण दहा हात पुढे. तिने जोडी मोडली, सुरुवातीचं माप एक एमबी असं स्वतः दिलं, आणि पुन्हा बांधली. घाई केली नाही. अक्षरं मोजली. उघड म्हटलं.

उघडलं. २०१२, २०१३, २०१४, वर्षांची फोल्डरं ओळीने खाली उतरत गेली.

"निगालं!" भीमाशंकर ओरडले, आणि सकाळपासून पहिल्यांदा मटकन खुर्चीत बसले.

ग्यानोबा उठले नाहीत. मलिका वर्षामागून वर्ष उघडून बघू लागली. प्रत्येक वर्षात पंधरवड्याची फोल्डरं, प्रत्येकात चोवीस फोटो: काळा दगड, पिवळी टेप, पाटीवर खडूची तारीख, कुठे कोपऱ्यात ग्यानोबांच्या पायाचा अंगठा. मग २०१९. मे महिन्याची दोन फोल्डरं, जूनची दोन. चारही रिकामी. तिला वाटलं, गेलं, एवढंच गेलं. पण डिस्क अशी पंधरवडे मोजून पुसत नाही. तिने टेबलावरचा छापील तक्ता ओढला. मे-जून एकोणीसच्या रकान्यांत सगळे आकडे होते, नऊच्या नऊ विहिरींचे, नीट.

ती वळली. ग्यानोबा रुमालातली डिस्क मांडीवर घेऊन बसले होते.

"काका."

"त्या दोन म्हैन्यांत केवळा पडली व्हती," ते म्हणाले. केवळाबाई त्यांची बायको. "खुबा मोडला तिचा. मी हितं लातुरात, दवाखान्यात. माघारी गेलाव तवा वही तशीच व्हती, कोरी. कोरी बघवंना. इतक्या वरसांत एक बी पान कोरं न्हवतं. मागचं फुडचं बगून अंदाजानं भरलं. केवळा म्हनली व्हती, नगा ल्हिवू. मी आयकलं न्हाई." ते पुढे म्हणाले, "त्यो वकील घरी बसून ल्हिवलं म्हनला तवा माज्या काळजात कळ गेली. बाकीचं समदं खरं हाय. पन कोन मानंल आता?"

भीमाशंकर पुढे झुकले. "मंग तेवढं वगळून फोटो देऊ की. अकरा वर्षांतले दोन म्हैने. कोन बघतंय?"

खाली मिल पुन्हा सुरू झाली. टेबलावरचं पाणी शहारलं. मलिकाला वाटलं, आता आपण काही बोललो नाही तरी चालेल. आपलं काम डिस्कचं होतं, ते झालं. तिने तोंड उघडलं तेव्हा तिलाच ठाऊक नव्हतं काय येणार आहे. "सहा वर्षांमागं एका क्लासात माझ्या हातून चार वर्षांचं काम पुसलं गेलं, काका. मी म्हनले डिस्क गेली. डिस्क गेली न्हवती. माझ्या हातून झालं व्हतं." एवढं बोलायला तिला सहा वर्षं लागली होती आणि प्रत्यक्षात श्वासभर वेळ लागला. "त्या क्लासचे सर मला आजबी रस्त्यात भेटले तर हासून बोलतात. मला त्यांच्याकडं बघवत न्हाई."

ग्यानोबांनी रुमाल सोडला, डिस्क टेबलावर ठेवली, आणि छापील तक्ता मागितला. "पेन दे."

तीनला पाच कमी असताना ते सुनावणीच्या खोलीत पोचले. मलिकाच्या लॅपटॉपवर फोटो होते. कारखान्याचे वकील एकेक वर्ष उघडायला सांगत होते, आणि एकोणीस सालाच्या आधीच ग्यानोबा उभे राहिले. उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं.

"म्याडम, त्या सालातले ह्ये चार पंधरवडे मी मोजले न्हाईत. अंदाजानं ल्हिवले. काट मारून सही केली हाय. ते धरू नगा."

वकिलांनी चष्मा काढला; असा आयता घास त्यांना कधी मिळाला नव्हता. मग ते म्हणाले, "म्हणजे आपण खोटे आकडे लिहिता हे मान्य. मग बाकीचे खरे कशावरून?"

मलिकाला ग्यानोबांचा हात दिसत होता. तो टेबलाच्या कडेवर होता आणि अजिबात हलत नव्हता. "फोटूवरून," ते म्हणाले. "आन फोटूवरबी भरोसा नसंल, तर आज पंधरवडा हाय. टेप माज्या पिशवीत हाय. अजून लई उजेड हाय. तुमी चला. तुमी सोता सोडा."

अधिकारीबाई चाळिशीच्या होत्या. त्यांनी तक्त्यावरच्या चार तिरक्या रेघा बघितल्या, खालची वळणदार सही बघितली, मग मनगटावरचं घड्याळ.

"किती लांब आहे?"

"तासाभराचा रस्ता."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

निकाल दीड महिन्याने लागला. नव्या बोअरची परवानगी थांबवण्यात आली, सरकारी मोजणी होईपर्यंत. आणि त्या मोजणीसाठी विहिरी कुठल्या घ्यायच्या, त्याला ग्यानोबांची यादी जोडली गेली. पण त्या दुपारी हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दुपारी एक सरकारी जीप शिरूर अनंतपाळच्या रस्त्याला लागली, मागच्या बाकावर वकील आणि मलिका गुडघ्याला गुडघे लावून अवघडून बसलेले, आणि दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी पडलेली काळी रानं. पहिल्या विहिरीशी ग्यानोबांनी टेप अधिकारीबाईंच्या हातात दिली आणि स्वतः चार पावलं मागे सरकले. बाई वाकल्या. पिवळी पट्टी हळूहळू खाली जाऊ लागली. वकील काठापासून लांब उभे होते. कुणी बोललं नाही; बोलायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं तरी. खूप खालून, वाट बघून कान दुखायला लागल्यावर, टप् असा आवाज आला.

बाईंचा हात आपोआप थांबला. त्यांनी पट्टीवर वाकून आकडा वाचला. मलिकाने ग्यानोबांची डायरी बघितली. मागच्या पंधरवड्यापेक्षा वीतभर खाली. ग्यानोबांनी पाटीवर तारीख लिहिली, काठावर ठेवली; मलिकाने फोटो काढला. बाईंनी ओली पट्टी ओढून घेतली, बोटांना लागलेला चिखल काठाच्या दगडाला पुसला आणि विचारलं, "पुढची कुठली?"